चिंचेच्या पाण्यात धुतलेली गाडी

आमच्या कुंभकोणमच्या गॅरेजचा एक नियम होता. मोठं काम झालेली गाडी मालकाच्या हवाली करण्याआधी घरची सगळी माणसं तिच्यात बसून तिरुनागेश्वरमच्या देवळापर्यंत जाऊन यायची. पुढे मामंजी, म्हणजे माझे सासरे, मागे मी आणि मुलगी, स्टिअरिंगवर हे. ब्रेक बदललेले असोत, स्प्रिंगचे पाटे नवे घातलेले असोत, नाहीतर झाडावर आपटलेल्या गाडीचं अख्खं तोंड नव्याने बसवलेलं असो, फेरी चुकायची नाही. देवळाबाहेर कापूर लावायचा, चार चाकांखाली चार लिंबं ठेवून ती चिरडायची आणि परत यायचं. टॅक्सीवाले यात्रेकरूंना सांगायचे, "रायरच्या घरची माणसं बसून आलीत, गाडीला काही होत नाही." रायर म्हणजे आम्ही. आमच्यासारख्या मराठी घरांना तमिळ शेजारी याच नावाने ओळखतात. घरात आमची जुनी मराठी, रस्त्यावर पाऊल ठेवलं की तमिळ.

हा नियम ह्यांनीच घातला होता. एकदा मी तो ह्यांच्याविरुद्ध वापरला, त्याची ही हकिकत.

मी याद्या करणारी बाई आहे. गॅरेजचे सुटे भाग, वाणसामान, मुलीची पुस्तकं, सगळं लिहून ठेवायचं आणि झालं की काट मारायची. ह्यांना याद्यांचं वावडं. ह्यांच्या डोक्यात एकच विषय असायचा, अमेरिकेतल्या मोटारींच्या शर्यती.

तरुणपणी हे मद्रासला एका वर्कशॉपमध्ये काम शिकत होते. तिथल्या जुन्या बाजारात परदेशी मोटारींची मासिकं रद्दीच्या भावात मिळायची. त्यांचा एक गठ्ठा ह्यांनी लग्नाआधीच जमवला होता. सगळी साठीच्या दशकाच्या शेवटची आणि सत्तरीच्या सुरुवातीची. त्यांत ज्या शर्यती होत्या त्या शर्यतीच्या खास गाड्यांच्या नव्हत्या. माणसं ऑफिसला जातात, भाजी आणतात, त्या दुकानात मिळणाऱ्या सेडान गाड्या. त्याच आतून सोलून काढायच्या, तगडं इंजिन बसवायचं आणि वळणावळणाच्या रस्त्यावर सोडायच्या. डावं वळण, उजवं वळण, चढ, उतार. "घाण्याच्या बैलासारखं नुसतं गोल गोल नव्हे," हे म्हणायचे.

मामंजींचे आजोबा तंजावरकडे कीर्तनं करायचे. ते रक्त ह्यांच्यात उतरलं होतं. शर्यतींच्या गोष्टी जेवताना रंगायच्या, सांबारभाताला पूर्वरंग, ताकभाताला उत्तररंग. ड्रायव्हरांची इंग्रजी नावं आमच्या तोंडात बसेनात, म्हणून ह्यांनी त्यांना आपली नावं दिली होती. इंजिनिअर, जो गाडीच्या अंगावर लोकरीचे धागे चिकटवायचा आणि दुसऱ्या गाडीतून बरोबर जाऊन वारा कुठून कसा वाहतो ते बघायचा. दांडगा, जो समोरच्याच्या दाराला दार घासून पुढे जायचा आणि शर्यत संपल्यावर त्याच माणसाच्या खांद्यावर हात टाकून हसायचा. आणि म्हातारा. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, शर्यतीच्या सकाळी भरपेट न्याहारी करून गाडीत बसायचा आणि पोरांना मागे टाकायचा. हे चाळिशीजवळ आले तसा म्हाताऱ्याचा मुक्काम आमच्या जेवणात वाढत गेला.

"तुझ्या त्या म्हाताऱ्यास सांग," मामंजी म्हणायचे, "आमच्या पोरास एक दिवस तरी वेळेवर जेवावयास सोड."

"सांगतो. पण तो ऐकत नाही, अप्पा. तो कोणाचंच ऐकत नाही."

सगळ्यांत जास्त वेळा सांगितलेली गोष्ट वजनाची होती. गाडी हलकी करण्यासाठी एका संघाने तिचं अख्खं अंग ॲसिडच्या हौदात बुडवलं. ॲसिडने पत्रा खाल्ला, गाडी कागदासारखी हलकी झाली. इतकी, की तपासणाऱ्या माणसाने छपरावर हात टेकला असता तर पोचा आला असता. मग त्यांनी छपरावर काळं रेक्झिन चिकटवलं. जणू फॅशन. इथे हे तपासनीस व्हायचे, कपाळाला आठ्या घालून हवेतल्या छपरावर हात फिरवायचे आणि मान डोलवायचे. मुलगी हसून हसून ठसका लागेपर्यंत हसायची.

त्या शर्यतींचा बहर मोजकी वर्षं टिकला. मग कंपन्यांनी हात काढून घेतले, गाड्या विकल्या गेल्या, ड्रायव्हर पांगले. ह्यांनी मासिकं विकत घेतली तेव्हाच ते सारं संपलं होतं. ह्यांना त्याचं काही नव्हतं. ह्यांच्या लेखी म्हातारा अजून न्याहारी करत होता.

मद्रासबाहेर विमानांच्या एका जुन्या धावपट्टीवर वर्षातून एकदा शर्यती व्हायच्या. हे दर वर्षी जायचे, दुसऱ्यांच्या गाड्यांची इंजिनं लावून द्यायचे, आठवडाभर घसा बसवून परत यायचे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका वर्षी ते गप्प परत आले. पुढच्या वर्षीची शर्यत तिथली शेवटची, असं कळलं होतं. नवा ट्रॅक होणार, नव्या गाड्या येणार.

गॅरेजच्या मागे एका मालकाने सोडून दिलेली ॲम्बॅसेडर उभी होती. यात्रेकरूंची हत्तीण म्हणतो आम्ही तिला. सहा माणसं, त्यांच्या वळकट्या, तांब्याचे हंडे, सगळं घेऊन देवळामागून देवळं करते. हे तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हिला हलकी करतो."

आता कुंभकोणमचं सांगायला हवं. हे भांड्यांचं गाव आहे. पितळेचे दिवे, घागरी, हंडे घडवणाऱ्यांच्या गल्ल्या आहेत. घडवलेलं भांडं ॲसिडमध्ये बुडवून काढायचं आणि मग चिंचेच्या पाण्याने धुवायचं, म्हणजे सोन्यासारखं निघतं. अमेरिकेतल्या हौदाची गोष्ट दुसऱ्या कुठल्या गावात गोष्टच राहिली असती. आमच्याकडे ॲसिड होतं, ते हाताळणारे लोक होते, आणि ते सगळे ह्यांचे दोस्त होते.

गॅरेजमागे विटांचा हौद बांधला, आतून डांबर फासलं. गाडीचं नुसतं अंग उरलं होतं, इंजिन नाही, चाकं नाहीत. ते आधी उपडं करून बुडवलं, मग सुलटं. भांडीवाले नाकाला फडकी बांधून उभे. पुढचं सगळं त्यांच्या हाताच्या सवयीने झालं. गाडी बाहेर काढली आणि त्यांनी चिंचेचं पाणी मागितलं. चिंच आमच्याच घरातून गेली. मोठ्या पातेल्यांत कालवून दिली. घरातली समई असो की घंगाळ, आंबट पाण्यातून निघालं की स्वच्छ झालं, हे या गावात कोणाला शिकवावं लागत नाही. ह्यांनाही त्या क्षणी वेगळं सुचलं नाही. बॅटरीचं ॲसिड सांडलं तर सोडा टाकणारा हा माणूस, पण हौद बघून तो मेकॅनिक राहिला नव्हता, कुंभकोणमचा पोरगा झाला होता.

घंगाळ उपडं केलं की पाणी निघून जातं. गाडीचं अंग पोकळ असतं. दुमडींत, खांबांत, आणि दाराखालच्या त्या लांब बंद पेट्यांत, ज्यांना मी उंबरा म्हणते, आंबट पाणी आणि चिंचेचा चोथा जाऊन बसला. चिंचेने पितळ उजळतं, लोखंड मात्र गंजतं. ॲम्बॅसेडरला खाली वेगळा सांगाडा नसतो. सगळा भार या दोन उंबऱ्यांवर असतो. दोन दिवसांनी ह्यांना सोडा आठवला, तेव्हा बाहेरून पोहोचेल तेवढं धुतलं.

तरी तो महिना ह्यांच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा होता, हे मी लिहून ठेवते. मी एका हाताने दार उचललं तेव्हा हे टाळ्या वाजवत गॅरेजभर नाचले. इंजिन असं लावलं की त्याचा आवाज ऐकून रस्त्यावरचे सायकलवाले थांबायचे. छपराला पोचे आले होते, म्हणून त्यावर काळं रेक्झिन चिकटवलं. मुलगी तपासनीस झाली, कपाळाला आठ्या घालून तिने छपरावर हात फिरवला. सगळे हसलो.

दिवाळीनंतर पावसाची झड लागली, आमच्याकडचा पावसाळा तोच. गाडी छपराखाली होती, तरी तिच्याखालच्या जमिनीवर तपकिरी थेंब दिसू लागले. मी ते पुसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा असायचे. वास आंबट, उतरलेल्या सारासारखा. एका दुपारी मी वाकले, अंबाड्यातली पिन काढली आणि थेंब पडत होता तिथे उंबऱ्याला टोचली. पिन डोक्यापर्यंत आत गेली. अडकली नाही, की आवाज झाला नाही.

हे मागे उभे होते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"गंज."

"पिन आरपार गेली."

"जुन्या गाडीत जाते."

"तुम्हास ठाऊक होतं."

ह्यांनी गाडीच्या आत बोट दाखवलं. मग म्हणाले, "आत पाइपांचा पिंजरा बसवला आहे की. गाडी उलटली तरी मज काय होतंय?"

"पिंजऱ्याचे पाय कशावर जोडलेत?"

 मला दिसतच होतं. चारही पाय उंबऱ्यांवर जोडले होते.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. मी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, पाय धरून पाहिलं. दुसरं अंग घ्या म्हटलं, तर तेवढा वेळ उरला नव्हता. मामंजींकडे गेले. ते म्हणाले, "विसाव्या वर्षी मी त्यास थांबवू शकलो नाही. आता काय म्हणून थांबेल?" इंजिन बिघडवायचाही विचार केला, पण मी केलेला बिघाड ह्यांना चहा निवायच्या आत सापडला असता. एका दुपारी कागद घेऊन बसले. हे गेले तर काय काय बघावं लागेल, त्याची यादी. 'गॅरेज' एवढा एक शब्द लिहिला आणि पुढे हात चालेना.

"तो म्हातारा गाडी उलटून मेला असता तर तुम्ही त्याच्या गोष्टी सांगितल्या असत्या का?" मी शेवटी विचारलं.

"पुढल्या वर्षी तिथे शर्यत नाही," हे म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्याचीच भीती वाटली. "नव्या ट्रॅकवर माझी हत्तीण कोण घेणार? पंधरा वर्षं मी दुसऱ्यांच्या गोष्टी सांगतो आहे. गोष्टीच सांगत मरू?"

"गोष्टी सांगत जगा."

"तुज कळायचं नाही."

मला कळत होतं. अडचण तीच होती.

गाडी न्यायला ट्रक दुपारी येणार होता, त्या सकाळी मी मुलीला रेशमी परकर नेसवला, मामंजींना धुतलेलं धोतर दिलं, ताटात लिंबं आणि कापूर घेतला, आणि आम्ही तिघं गॅरेजमध्ये जाऊन गाडीपाशी उभे राहिलो. निरोप द्यायला भांडीवाले आणि टॅक्सीवाले जमले होतेच.

"हे काय?" ह्यांनी विचारलं.

"फेरी. तिरुनागेश्वरम."

"ही शर्यतीची गाडी आहे."

"मोठं काम झालेली गाडी आहे. नियम तुमचाच."

"मागे सीट नाही."

"सतरंजी आणली आहे."

एक म्हातारा टॅक्सीवाला तमिळमध्ये म्हणाला, "बसवा की, रायर! आमच्या गाड्यांत बसवता, स्वतःच्या गाडीत बसवायला काय झालं?" सगळे हसले. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं.

मुलीने मागचं दार उघडलं. ह्यांनी झडप घालून तिचा दंड धरला.

"तू नको."

"का, अप्पा?" तिने ह्यांना विचारलं.

ह्यांनी तिला दारापासून मागे ओढलं. हसणारे लोक एकेक करून गप्प झाले. मला वाटलं, झालं. या माणसाने स्वतःच्या तोंडाने, चार लोकांसमोर गाडी धोक्याची असल्याचं सांगून टाकलं. आता हे किल्ली खाली ठेवतील.

ह्यांनी मुलीचा दंड सोडला आणि म्हणाले, "मी एकटाच जाऊन येतो." आणि पुढचं दार उघडून आत बसले.

माझ्यापाशी दुसरं काही उरलं नव्हतं. मी लिंबांचं ताट खाली ठेवलं.

तेवढ्यात मामंजी पलीकडून गेले. "पोर नको तर नको," ते म्हणाले. "मी बसतो. माझं वजन ते काय, आणि राहिलंय ते काय." त्यांनी दार उघडलं, छपराचा आधार घेतला आणि वर चढायला पाय उंबऱ्यावर ठेवला.

पापड मोडावा तसा आवाज झाला. पाय घोट्यापर्यंत आत गेला. दार बिजागरीवरून खाली लोंबलं, गाडी मधोमध किंचित वाकली, आणि ह्यांच्या डोक्यावरचं काळं रेक्झिन सुरकुतलं. मामंजी एका पायावर, छपराला धरून उभे. रक्त धोतराच्या काठाला लागलं. त्यांनी खाली पाहिलं, मग आपल्या मुलाकडे.

"जन्मात कधी उंबऱ्यावर पाय दिला नव्हता रे," ते म्हणाले.

ह्यांनी पकडीने पत्रा वाकवून त्यांचा पाय सोडवला. पत्रा वाकवायला जोर लागत नव्हता. मी हळद दाबली, पट्टी बांधली, टॅक्सीवाल्यांनी त्यांना उचलून घरी नेलं. मी परत आले तेव्हा हे वेल्डिंग करत होते.

उंबऱ्यावर नवा पत्रा जोडायचा होता. जोडायला दोन्ही बाजूंना पत्रा लागतो. ठिणगी टेकली की जुना पत्रा जळून मागे सरायचा, भोक मोठं व्हायचं. मग मोठा तुकडा कापायचा. तोही कशाला धरत नव्हता. "धर," हे म्हणाले. मी तुकडा सांडशीत धरला, तोंड फिरवून उभी राहिले. आतून चिंच जळल्याचा वास येत होता. ही गाडी जाऊ नये म्हणून मी कुठल्या देवाला साकडं घातलं नव्हतं? आणि तीच मी हातात पत्रा धरून मनात म्हणत होते, लाग बाई, एकदा तरी लाग. ह्यांचा चेहरा मुखवट्याआड होता, पण खांदे मला दिसत होते.

दुपारी ट्रक आला. ड्रायव्हरने कॉफी घेतली, वाट पाहिली, दोनदा हॉर्न दिला. ह्यांनी मान वर केली नाही. ट्रक गेला.

ऊन उतरता उतरता ह्यांनी वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला आणि मुखवटा काढला. उंबऱ्याच्या जागी हात जाईल एवढी फट होती.

"हलकी झाली," हे म्हणाले.

शर्यतीच्या दिवशी हे गॅरेज उघडून बसले. तिरुविडैमरुदूरच्या एका टॅक्सीचा क्लच आला होता, तो केला. गाडीचं अंग पुढे भंगारात गेलं. इंजिन मात्र चांगलं होतं. ते त्या 'बसवा की' म्हणणाऱ्या म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याच्या गाडीत बसवलं. तो तक्रार करत यायचा, "रायर, यात्रेकरूंचं स्तोत्र अर्ध्यावर असतं आणि देऊळ येतं!" बाकीचे हसायचे. हे मान हलवायचे.

मी माझ्याकडून सगळ्यावर काट मारली होती. हे जिवंत आहेत. मामंजींचा पाय बरा झाला. नवग्रहांच्या देवळांना येणारी गर्दी वाढली, तसं गॅरेजचं काम वाढलं. मुलगी कॉलेजात गेली. लिहून पाहिलं तर तक्रारीला जागा नव्हती.

पण पानावर गोष्टी बंद झाल्या. ताकभात येऊन जायचा. इंजिनिअर नाही, दांडगा नाही. सुरुवातीला मामंजी विचारायचे, "काय रे, तुझा म्हातारा मेला की काय?" हे भात कालवत राहायचे. मामंजी गेले, मग विचारणारंही कोणी उरलं नाही. मासिकांचा गठ्ठा माळ्यावर गेला. मी तो दर वर्षी झटकून परत ठेवायची. हे समोर बसलेले असायचे, कामं वेळेवर व्हायची, जेवायलाही आता वेळेवर यायचे, आणि मला वाटायचं, मी त्या दिवशी गाडीतून कोणाला बाहेर काढलं?

मग मी स्वतःच सुरू केलं. जेवताना, जसं आठवेल तसं, मुलगी सुट्टीला आली की तिला सांगायच्या निमित्ताने. मुद्दाम चुकवायची. धागे इंजिनिअरने नाही, दांडग्याने चिकटवले. म्हातारा उपाशीपोटी गाडीत बसायचा. मुलगी माझ्याकडे बघायची, मी डोळ्याने तिला गप्प करायची. हे ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. चुका तशाच पानावर पडून राहायच्या. किती जेवणं अशी गेली, ते मी मोजलं नाही.

एकदा मुलगी अशीच सुट्टीला आली होती. त्या दिवशी मी हौदाची गोष्ट सांगत होते. ती आमच्या घरात कोणी उच्चारत नव्हतं. छपरापर्यंत आले आणि मला पुढे जाववेना. तरी म्हटलं, "मग त्यांनी त्यावर पांढरं रेक्झिन चिकटवलं."

ह्यांचा हात ताकाच्या वाटीवर थांबला.

"काळं," हे म्हणाले, आणि जेवू लागले.